हैदराबादचे रहीमसाहेब

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आमच्या मैदानावर दोन वर्गांचा फुटबॉलचा सामना चालला असतां एक सद्गृहस्थ आपल्या मुलास न्यावयास आले होते. पाऊस नुकताच थांबला होता. मैदानाचा चिखल झाला होता, आणि कोण कोणत्या बाजूचा हें ओळखूं येऊं नये इतकीं बावीसही मुलें माखलीं होतीं. कडेला आमचे एक शिक्षकबंधु छत्री मिटून उभे होते. ते मधूनमधून एखाद्याचें नांव घेऊन हांक मारीत व पुन्हां गप्प राहत. सद्गृहस्थांनीं हा प्रकार कांहीं वेळ पाहिला व आम्हांस विचारलें, "धांवतात मुलें, पडतात मुलें, गोल करतात तींच. मग ह्या बाराव्या माणसाचें येथें काय काम, मास्तर?"

प्रश्न थट्टेचा होता. परंतु त्या वेळीं आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. घरीं गेल्यावर सुचलें, आणि तें इतकें लांबलचक सुचलें कीं आतां वार्षिकाच्या पानांतच तें मांडावें लागत आहे. त्या सद्गृहस्थांच्या हातीं हा अंक पडेलच.

आमचें उत्तर म्हणजे एका माणसाची हकीकत आहे. हा मनुष्य पेशानें शाळामास्तर होता, तरुणपणीं चांगला खेळाडू होता, आणि पुढें भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा शिक्षक झाला. इंग्लंडांत अशा माणसास मॅनेजर म्हणतात, आपल्याकडे कोच म्हणण्याचा प्रघात आहे; काम पुष्कळसें एकच. त्यांचें नांव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांस रहीमसाहेब म्हणत, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजीं हैदराबादेस झाला. तेव्हां तेथें निजामाचें राज्य होतें. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादशींच जोडलेला होता, तेव्हां आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें मूळ घर नांदेड, परभणी वा औरंगाबादेकडे आहे, त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या राजधानींतलेच हे गृहस्थ म्हणावयाचे. उस्मानिया विद्यापीठांत शिकत असतां १९२७ ते १९३१ ह्या काळांत ते तेथील 'इलेव्हन हंटर्स' नांवाच्या संघांत खेळत, आणि त्या संघाच्या उत्तम खेळाडूंत त्यांची गणना होई. पुढें ते शहरांतील कमर क्लबाकडून खेळले. खेळाडू म्हणून मात्र राष्ट्रीय संघांत त्यांचा कधींच समावेश झाला नाहीं. बी. ए. झाल्यावर त्यांनीं शाळेची नोकरी धरली. काचीगुडा, दारुल-उलूम, चादरघाट अशा हैदराबादेंतील निरनिराळ्या शाळांतून त्यांनीं शिकविलें, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि शाळेचे खेळ त्यांच्याकडे आले.

मुलांचे खेळ ज्याच्याकडे सोंपविलेले असतात त्या शिक्षकाची स्थिति आमच्या वाचकांस ठाऊक आहे. गणिताच्या मास्तरांस तास असतो, पुस्तक असतें, फळा असतो. खेळाच्या मास्तरांस चाळीस मुलें, एक चेंडू आणि संधिप्रकाश. त्यांतून कांहीं उभें करावयाचें म्हणजे प्रथम पहावें लागतें. कोण उजव्याच पायानें खेळतो, कोण चेंडू पायांत आला कीं डोकें वर करीत नाहीं, कोण पडावयास भितो, कोण पडूनही लगेच उठतो. रहीमसाहेबांचें पाहणें असें होतें. १९४३ सालीं ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले व मरेपर्यंत त्या पदावर होते. त्या अधिकारांत त्यांनीं कांहीं विलक्षण सामने सुरू केले. एक सामना असा कीं त्यांत चेंडू घेऊन एकट्यानें कोणास चकवीत जाण्यास बंदी; मिळाला कीं दुसऱ्याकडे द्यावयाचा. दुसरा असा कीं त्यांत ज्याचा जो पाय दुबळा त्याच पायानें खेळावयाचें.

ही दुसरी युक्ति आमच्या मनांत फार भरली. मुलगा उजव्या पायानें उत्तम चेंडू मारतो म्हणून त्याची वाहवा करणें सोपें आहे. त्याचा डावा पाय लंगडा आहे हें त्यास चारचौघांत कळूं देणें व तरीही त्यास मैदान सोडून जाऊं न देणें, ह्यांत शिक्षकाची कसोटी आहे. सगळ्यांचाच एक पाय दुबळा असतो. सगळ्यांनाच त्या दिवशीं त्याच पायानें खेळावयाचें असलें म्हणजे कोणी कोणास हंसत नाहीं. घरीं ज्यांच्या मैदानाशेजारीं भिंत आहे त्या मुलांनीं हा प्रयोग आठवडाभर करून पहावा.

१९५० सालीं हैदराबाद शहर पोलिसांचा फुटबॉल संघ रहीमसाहेबांच्या हातीं आला. ह्या संघानें काय केलें हें मुंबईच्या जुन्या लोकांस विचारावें. मुंबईंत १८९१ सालापासून रोव्हर्स कप नांवाची स्पर्धा होत असे, आणि तिचे सामने पाहण्यास कूपरेज मैदानावर दाटी होई. १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें हैदराबादच्या पोलिसांनीं तो कप नेला. कलकत्ता ही त्या काळीं फुटबॉलची पंढरी. मोहनबागान व ईस्ट बेंगाल यांच्यापुढें इतरांनीं नम्र व्हावें असा रिवाज पडला होता. तो रिवाज ह्या शिपायांच्या संघानें मोडला.

साहजिकच देशाचा संघ शिकविण्याचें काम रहीमसाहेबांकडे चालत आलें. मार्च १९५१ मध्यें पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस झाल्या. कर्णधार शैलेन मन्ना. इंडोनेशिया व अफगाणिस्तान ह्या दोघांसही आपण ३-० असें हरविलें, आणि अंतिम सामन्यांत मेवालालच्या एका गोलानें इराणचा पराभव होऊन सुवर्णपदक भारताकडे आलें. स्वतंत्र देशाच्या पहिल्या वर्षांतलें हें यश. लोकांस आनंद झाला, तो योग्यच होता.

परंतु खरें शिक्षण यशानें होत नाहीं असा आमचा वर्गांतला अनुभव आहे, व येथेंही तसेंच झालें. पुढल्याच वर्षीं, १९५२ च्या जुलैंत, हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत आपली गांठ युगोस्लाव्हियाशीं पडली आणि आपण १०-१ असे हरलों. दहा गोल! थंडी होती, मैदान ओलें होतें, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. अनवाणी खेळण्याचा आपणांस तोंवर कांहींसा अभिमान होता. परदेशीं लोक त्याचें कौतुक करीत, आणि कौतुकानें आपण फसलों. कोरड्या, उबदार मैदानावर उघड्या पायास चेंडूची नाजूक जाण असते हें खरें. पण ओल्या गवतावर बूट घातलेल्या प्रतिपक्षापुढें तोच पाय घसरतो व ठेंचाळतो. हेलसिंकीनंतर आपल्या फुटबॉल महासंघानें बूट सक्तीचे केले. पालकांनीं मुलाच्या बुटांचा खर्च पाहून कपाळास आठ्या घालूं नयेत, इतकेंच येथें सुचवितों.

रहीमसाहेबांच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली होती, आणि ती समजावयास खेळाडू मैदानावर उभे कसे राहतात हें समजलें पाहिजे. जुन्या रीतीप्रमाणें गोलरक्षकाच्या पुढें दोन बॅक, त्यांच्या पुढें तीन हाफबॅक आणि सर्वांच्या पुढें पांच फॉरवर्ड असत. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वीं चेंडू पुढें दिला जातांना तो घेणाऱ्याच्या व गोलाच्या मध्यें प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत, ते आतां दोन पुरेसे झाले. फॉरवर्डांस मोकळीक मिळाली, गोल भराभर होऊं लागले, आणि युरोपांत मधल्या हाफबॅकला मागें ओढून तिसरा बॅक करण्यांत आला. आपण मात्र पुष्कळ दिवस दोन बॅकांवरच विसंबून राहिलों. दोन माणसांनीं पांच जणांस अडवावयाचें, तर दहा गोल होणारच.

रहीमसाहेबांनीं भारताच्या संघास हळूहळू नवी मांडणी शिकविली. मागें चार, मध्यें दोन, पुढें चार. ब्राझीलनें १९५८ सालीं ह्याच मांडणीनें विश्वचषक जिंकला तेव्हां जगांत तिचा गवगवा झाला. आपल्याकडे एका माजी शाळामास्तरानें ती त्याच दशकांत मुलांकडून गिरवून घेतली होती. शिवाय हंगेरीच्या संघाची एक खुबी त्या काळीं गाजत होती. त्यांचा मधला फॉरवर्ड ठरल्या जागीं उभा न राहतां मागें सरके. आतां त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या बॅकनें काय करावें? त्याच्या मागून जावें तर मागें खिंडार पडतें. न जावें तर तो मोकळा राहून चेंडू वांटीत बसतो. ही खुबीही रहीमसाहेबांनीं आपल्या संघांत आणली. वाचतांना हें सोपें वाटतें. पण ज्यानें लहानपणापासून 'मी सेंटर-फॉरवर्ड, माझी जागा गोलापाशीं' असें मनांत धरलें आहे, त्यास 'बाळ, तूं मागें ये, गोल दुसरा करील' हें पटविणें सोपें नाहीं. आमच्या शाळेच्या संघांत पांच जण सेंटर-फॉरवर्ड आहेत, आणि पांचांचेंही आपल्यावांचून अडतें!

ह्या शिकवणीचें फळ १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकांत दिसलें. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें आपण पहिली फेरी न खेळतांच ओलांडली. नंतर यजमान ऑस्ट्रेलियाशीं सामना झाला. तो भारतानें ४-२ असा जिंकला, व त्यांत तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझानें केले. नेव्हिल हा गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर नांवारूपास आलेला तरुण. ऑलिंपिकच्या एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू होय. उपांत्य सामन्यांत पुन्हां युगोस्लाव्हियाच समोर उभा राहिला. पहिला गोल आपला, तोही नेव्हिलचाच. मग त्यांनीं चार केले व आपण ४-१ असे हरलों. पुढें तिसऱ्या स्थानाचा सामनाही बल्गेरियानें ३-० असा जिंकला आणि आपण चौथे आलों. पराभव तो पराभवच. तरी चार वर्षांपूर्वीं ज्यांच्यापुढें दहा गोल खाल्ले, त्यांच्याविरुद्ध अर्धा सामना बरोबरींत ठेवून मग आघाडी घेणें म्हणजे काय, हें ज्यानें एकदां नापास होऊन पुन्हां तोच पेपर दिला आहे त्यास विचारावें.

मेलबर्नच्या त्या संघांत तुळशीदास बलराम नांवाचा अवघ्या विशीचा मुलगा होता. सिकंदराबादेजवळील अम्मुगुडा हें त्याचें गांव, घरची स्थिति गरिबीची. रहीमसाहेबांनीं त्यास तेथल्या एका सामन्यांत पाहिलें व हैदराबादेस सरावास बोलाविलें. पोरानें सांगितलें, यावयास वाहन नाहीं. रहीमसाहेबांनीं त्यास सायकल भाड्यानें घेण्यासाठीं रोज एक रुपया देऊं केला. बलरामानें ही गोष्ट पुढें म्हातारपणींही सांगितली आहे. ज्या वर्षांचा हा रुपया त्या वर्षांत तो लहान नव्हता, आणि शाळामास्तरी व पोलिसांची शिकवणी ह्यांतून कोणी श्रीमंत होत नसे. पण देणारास मुलाची धांव दिसली होती व मुलगा आणि मैदान यांच्यामध्यें फक्त कांहीं मैलांचा रस्ता उभा होता. बलराम पुढें भारताच्या उत्कृष्ट फॉरवर्डांपैकीं एक ठरला.

आतां एक अशी गोष्ट सांगतों कीं जी पालकांनीं विशेष वाचावी. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकांस भारताचा संघ गेला, त्यांत रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही निवडला गेला होता. भारताचे तीन सामने झाले. हंगेरीशीं आपण २-१ असे हरलों. फ्रान्सविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जीनें गोल केला होता; तो शेवटच्या दहा मिनिटांच्या आंत त्यांनीं फेडला, म्हणून १-१ अशी बरोबरी झाली; विजय बोटांतून निसटला. पेरूनें आपणांस ३-१ असें हरविलें. ह्या तिन्ही सामन्यांत मिळून हकीम एक मिनिटही मैदानावर उतरला नाहीं. बाप शिक्षक, मुलगा संघांत, आणि मुलगा तिन्ही दिवस बांकावर! आमच्या शाळेंत नाटकाच्या भूमिका वांटल्या कीं दुसऱ्या दिवशीं कांहीं पालक भेटावयास येतात. त्यांच्या मायेस आम्ही दोष देत नाहीं. परंतु त्या बांकाची आठवण आम्हांस तेव्हां हटकून होते. रोमहून परततांना त्या घरांत बापलेकांत काय बोलणें झालें असेल? ज्यास मुलगा आहे त्यानें आपल्याशींच विचार करावा.

आणि मग जकार्ता.

१९६२ च्या ऑगस्टांत इंडोनेशियाच्या राजधानींत चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्या वेळीं रहीमसाहेबांच्या शरीरांत रोगानें घर केलें होतें. त्यांस खोकल्याचा त्रास होई. तरीही ते संघाबरोबर गेले. पहिलाच सामना दक्षिण कोरियाशीं, आणि तो आपण २-० असा हरलों. घरीं वर्तमानपत्रें वाचणारांनीं तेव्हांच आशा सोडली असेल. पण नंतर थायलंडविरुद्ध ४-१ आणि जपानविरुद्ध २-० असे विजय मिळून संघ उपांत्य फेरींत गेला.

ह्या वाटचालींत एक मोठी किंमत द्यावी लागली. थायलंडच्या सामन्यांत जर्नेलसिंग जखमी झाला. पंजाबचा हा धिप्पाड जवान बचावाचा खांब होता. त्याच्या अंगावरून जाणें म्हणजे कोटाच्या भिंतीवरून जाणें. त्याच्या कपाळास खोक पडून टांके घालावे लागले. बॅकला पदोपदीं डोक्यानें चेंडू परतवावा लागतो आणि अंगावर येणाऱ्यास भिडावें लागतें. टांक्यांच्या डोक्यानें तें कसें साधणार? दुसरा एखादा शिक्षक त्यास विश्रांति देता आणि कोणी तसा सल्ला दिला तर तो चुकीचाही म्हणतां आला नसता. रहीमसाहेबांनीं मात्र त्यास पुढें नेलें. भिंतीला फॉरवर्ड केलें! जर्नेल तरुणपणीं पुढें खेळलेला होता, हें त्यांच्या ध्यानांत होतें. दक्षिण व्हिएतनामशीं उपांत्य सामना ३-२ असा सुटला. कर्णधार चुनी गोस्वामीनें दोन गोल केले, व एक गोल टांके घातलेल्या जर्नेलनें केला.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजीं ठरला. प्रतिपक्षीं पुन्हां दक्षिण कोरिया. पण त्या दिवशींचा प्रतिपक्ष तेवढाच नव्हता. यजमान इंडोनेशियानें इस्रायल व तैवान येथील खेळाडूंस देशांत प्रवेश दिला नव्हता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सभासद गुरुदत्त सोंधी यांनीं ह्यावर आक्षेप घेऊन, असें असेल तर ह्या स्पर्धांस आशियाई क्रीडास्पर्धा म्हणूं नये, असें सुचविलें. आक्षेप तत्त्वाचा होता. पण जकार्तेंतील जनता त्यानें खवळली. ३ सप्टेंबर रोजीं जमावानें भारताच्या वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं सेनायन येथील त्या प्रचंड क्रीडांगणांत सुमारें लाखभर प्रेक्षक जमले, आणि भारताचें राष्ट्रगीत सुरू झालें तरी त्यांची ओरड थांबली नाहीं. असें सांगतात कीं त्या गर्दींत आपल्या बाजूनें ओरडणारे जे थोडे होते, त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघांतले खेळाडू होते. ह्याच स्पर्धांत त्यांनीं हॉकीचें सुवर्णपदक आपणांस हरवूनच मिळविलें होतें.

आदल्या रात्रीं रहीमसाहेबांनीं खेळाडूंस जवळ बसवून त्यांच्यापाशीं एक भेट मागितली. उद्यां सुवर्णपदक जिंका, एवढीच ती भेट. त्यांची प्रकृति खेळाडूंस दिसत होती. शिक्षक विद्यार्थ्यापाशीं कांहीं मागतो असा प्रसंग आयुष्यांत क्वचित् येतो, आणि मागितलें तर तें नाकारतां येत नाहीं.

गोलांत कोणास उभें करावें हाही प्रश्न होता. आधींच्या सामन्यांत तरुण प्रद्योत बर्मन गोल राखीत होता, कारण उंचापुरा पीटर थंगराज तापानें आजारी होता. अंतिम सामन्यास रहीमसाहेबांनीं थंगराजलाच उभें केलें. पहिल्या सामन्यांत कोरियाचा खेळ त्यांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. उंच येणाऱ्या चेंडूसाठीं लांब हात पाहिजेत असा त्यांचा हिशेब असावा असें आम्हांस वाटतें. म्हणजे त्या दिवशीं गोलांत एक नुकता तापांतून उठलेला मनुष्य, पुढें एक डोक्यास टांके घातलेला मनुष्य, आणि बांकावर तिघांत अधिक आजारी असा त्यांचा गुरु. शहाण्या माणसानें कागदावर असा संघ मांडला नसता.

सामना सुरू झाल्यावर सतराव्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जीनें गोल केला. प्रेक्षक चिडले. तीन मिनिटांनीं जर्नेलसिंगनें दुसरा केला. वीस मिनिटांत दोन गोल झाले आणि मग सत्तर मिनिटें तग धरावयाची होती. मध्यभागीं गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको खेळत होता. मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, महाराष्ट्राच्या संघांतून खेळणारा हा हाफबॅक. गोल करणारांच्या नांवांत त्याचें नांव सांपडत नाहीं, पण कोरियाचे हल्ले मध्येंच तोडण्याचें काम अशाच माणसांचें असतें. शेवटचीं पांच मिनिटें राहिलीं असतां कोरियानें एक गोल फेडला. तीं पांच मिनिटें बांकावरच्या त्या माणसास किती लांब वाटलीं असतील! मग शिटी झाली. भारत २, दक्षिण कोरिया १.

त्या विजयाचें महत्त्व किती हें आंकड्यानें सांगतों. पुरुषांच्या फुटबॉलांत आशियाई सुवर्णपदक भारतास दोनदां मिळालें, १९५१ सालीं व १९६२ सालीं. त्यानंतर पुन्हां मिळालेलें नाहीं. दोन्ही वेळां शिकविणारा मनुष्य एकच.

जकार्तेहून परतल्यावर रहीमसाहेबांचा आजार वाढत गेला. तो फुफ्फुसाचा कर्करोग होता. ११ जून १९६३ रोजीं ते वारले. वय अवघें त्रेपन्न. सुवर्णपदकाला नऊ महिने झाले होते. उत्तम क्रीडाशिक्षकांस द्रोणाचार्य पुरस्कार देण्याची पद्धति सरकारनें १९८५ सालीं सुरू केली, ती त्यांच्या वांट्यास आली नाहीं. अनेक वर्षें त्यांचें नांव हैदराबाद व कलकत्ता येथील जुन्या खेळाडूंच्या बोलण्यांतच तेवढें राहिलें. २०२४ सालीं 'मैदान' नांवाचा हिंदी चित्रपट त्यांच्या आयुष्यावर निघाला व आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं तो पाहिला आहे. चित्रपट म्हटला म्हणजे थोडें मीठ-मसाला आलाच. परंतु त्या निमित्तानें एका शाळामास्तराचें नांव मुलांच्या तोंडीं आलें, ह्याबद्दल आम्ही तरी तक्रार करणार नाहीं.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या बाराव्या माणसाचें काम काय, ह्याचें उत्तर सद्गृहस्थांस मिळालें कीं नाहीं हें तेच सांगोत. त्यांच्या चिरंजीवांस मात्र आमच्या शिक्षकबंधूंनीं गेल्या महिन्यापासून डाव्या पायानें खेळावयास लावलें आहे, आणि तो रोज कुरकुर करतो.

एक राहिलें. रहीमसाहेबांचे खेळाडू पुढें स्वतः शिक्षक झाले. त्यांत प्रदीपकुमार बॅनर्जी अग्रगण्य. १९८२ सालीं आशियाई स्पर्धा पुन्हां दिल्लीस आल्या तेव्हां भारताचा संघ त्यांच्या हातीं होता. १९५१ सालीं रहीमसाहेबांनीं पहिलें सुवर्णपदक मिळविलें तें ह्याच शहरीं. ह्या खेपेस उपउपांत्य फेरींत सौदी अरेबियानें आपणांस १-० असें हरविलें. त्या स्पर्धेंत बॅनर्जींच्या शेजारीं बांकावर त्यांचा साहाय्यक शिक्षक बसला होता. तो म्हणजे बावीस वर्षांपूर्वीं रोमच्या बांकावर बसून राहिलेला सय्यद शाहिद हकीम.